ओढ्याला जमीन देणारी रुक्माक्का

रुक्माक्काला दार वाजवणं ठाऊक नव्हतं. ती अंगणातूनच हाक मारायची, आणि हाक अशी की समोरच्या घरातली माणसंसुद्धा चपला शोधायला लागायची. "सुमन! ए सुमन! उठलीस की नाही? बस चुकंल!" मी अजून चुलीपाशी, केस मोकळे, आमच्या ह्यांच्या गालाला दाढीचा साबण, आणि ही बाई डोक्यावर टोपली, पदर कमरेला खोचलेला, जणू बस तिच्या एकटीसाठीच सुटणार होती. खरं म्हणजे आनेकलची बस कधीच वेळेवर सुटत नसे. हे तिलाही ठाऊक होतं, पण घाई केल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही.

मी बेळगावची. एकोणीसशे पन्नासच्या दशकाच्या शेवटी लग्न होऊन बेंगळुरात आले. हे एका कारखान्यात नकाशे काढायचे, आणि आम्ही चामराजपेठेत रुक्माक्काच्या घरामागच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहायचो. तिचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी मराठी फौजेबरोबर इकडे आले आणि इथलेच झाले. तिच्या बोलण्यात निम्मं कन्नड, तरी माझ्या मराठीला ती नावं ठेवायची. "तुमचं मराठी नंतरचं गं. आमचं जुनं, पेटीतलं." मीही कन्नड बोलणाऱ्या मुलखातली, त्यामुळे मी तिला कन्नडमधूनच उलट टोला द्यायची आणि ती मांडीवर थाप मारून हसायची. मूलबाळ नव्हतं, नवरा जाऊन काही वर्षं झालेली. घरात माणूस एक, पण आवाज दहा माणसांचा.

तिला वाहून जाणारं पाणी बघवत नसे. आमच्या न्हाणीचं पाणी मोरीतून गल्लीत जायचं. मी राहायला आल्याच्या आठवड्यातच तिनं त्या वाटेवर अळू लावलं, त्यापुढे वाळा लावला. तोच तो माठात घालायचा सुवासिक मुळांचा वाळा. आणि मला दम भरला, "साबण कमी लाव. माझं अळू खाजरं होतंय." आता साबणानं अळू खाजरं कसं होईल? पण वाद कोण घालणार! पुढे आठवड्यातून दोनदा तिच्याकडून अळूची भाजी यायला लागली, आणि मी गप्प बसले.

आनेकलच्या अलीकडे एका गावात तिची सासरकडची जमीन होती. ती आणि तिचा धाकटा दीर शामराव, दोघांची सामाईक. शामराव दोन गल्ल्या पलीकडे राहायचे, सरकारी कचेरीत होते. बंद गळ्याचा कोट, ऊन असो नसो हातात छत्री, आणि बुटाला चिखल लागू नये म्हणून जमिनीकडे वर्षातून एकदाच जायचे, तेही सुगी झाल्यावर. रुक्माक्का त्यांना शामण्णा म्हणायची आणि एकेरी बोलायची, ते तिला वैनी म्हणत आणि अहो-जाहो करत. माणूस वाईट नव्हता. पण त्यांना जमीन म्हणजे वर्षाला नाचणीची काही पोती आणि बाकी सगळी कटकट.

जमिनीच्या खालच्या अंगाला ओढा. गावचे लोक त्याला हळ्ळ म्हणायचे. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला तो ओढा वाटलाच नाही, खणून ठेवलेला खड्डाच वाटला. सगळ्यांनी नांगर थेट काठापर्यंत नेलेला, गुरं-शेळ्या मनात येईल तिथून खाली उतरायच्या, आणि पावसाळ्यात लाल पाणी धडधडत येऊन प्रत्येकाच्या शेताचा एक-एक लचका तोडून न्यायचं. संक्रांत झाली की ओढा कोरडा. मग विहीरही तळाला. रुक्माक्का त्या कडेवर उभी राहून मला म्हणाली, "दर वर्षी स्वल्प-स्वल्प जातंय बघ. चोर रोज येतोय, आणि आम्ही त्याला वाट करून देतोय."

तिच्या माहेरची गोष्ट मला तिनं त्याच दिवशी सांगितली. तिच्या वडलांच्या ओढ्याकाठी वाळ्याचं रान होतं. छावणीतल्या बंगल्यांना वाळ्याचे पडदे लागायचे, तेव्हा वडलांनी मुळं खणून विकली. मग आणखी खणली. मग सगळीच. पुढच्या दोन पावसाळ्यांत काठ गेला, काठामागची भाताची खाचरं गेली, आणि वडील दुसऱ्याच्या शेतावर कामाला जायला लागले. हे सांगताना ती नेहमीसारखी हातवारे करत नव्हती. मी पदरानं डोळे पुसले. पण पुढच्याच क्षणी तिनं पदरातली काकडी काढून माझ्या हातावर आपटली. "खा. रडायला वेळ नाही. मी ओढ्याला जमीन देणार आहे."

म्हणजे काय, तर काठालगतचा, बैलगाडी आरामात वळेल एवढा रुंद पट्टा नांगरायचा नाही. त्यात वाळा लावायचा, मध्ये बांबू, करंज. गुरांना पाण्यावर जायला एकच उतार, दगड बसवलेला. बाकी काठ बंद. ऐकायला सोपं. पण खालचा तो पट्टा म्हणजे सगळ्या शेतातली काळी, ओलीची जमीन. तीच सोडायची!

शामराव हे ऐकून आमच्या अंगणात अक्षरशः उड्या मारायला लागले. "वैनी, पिकती जमीन गवताला? लोक आम्हाला वेडे म्हणतील!" त्यांच्या रागाला कारणही होतं. शहर चारी अंगांनी वाढत होतं, कारखाने उठत होते, नव्या वसाहती पडत होत्या, आणि विटा कुठून तरी येणारच. एक वीटभट्टीवाला त्या ओढ्याकाठच्या मातीवर डोळा ठेवून होता. शामरावांना विकायचं होतं. शेवटी अंगणातच, माझ्या आणि ह्यांच्या देखत ठरलं: दोन सुग्या. दोन सुग्यांत जमिनीनं पहिल्यापेक्षा बरं दिलं तर ठीक, नाहीतर रुक्माक्कानं मुकाट्यानं सही करायची. "सरी," म्हणजे बरं, ती म्हणाली. एवढ्या मोठ्या गोष्टीला एवढंच उत्तर. मला वाटलं, आता ही जमीन गेली!

आता तिची खरी गंमत सांगते. एवढा काठ लावायचा तर माणसं हवीत, आणि मजुरी देण्याची ताकद नव्हती. पण त्या गावात मुय्यीची चाल होती. आपल्याकडे सावड करतात तसलीच: नाचणीची रोपं लावायच्या दिवसांत मी तुझ्या शेतात एक दिवस राबायचं, तू माझ्या शेतात एक दिवस. त्यात एक नियम होता. ज्याच्या शेतात दिवस फेडायचा, त्यानं काम सांगायचं. फेडणाऱ्यानं 'हे का' म्हणून विचारायचं नाही. रुक्माक्कानं हा नियम बरोबर हेरला. त्या आषाढात ती गावातल्या प्रत्येकाच्या शेतात लावणीला गेली. आणि मलाही नेलं! मी चिखलात कधी उतरलेली नव्हते. कंबर धरली, नखं काळी झाली, लक्कम्मा नावाची तिच्या शेजारची बाई माझी वाकडी रांग बघून पोट धरधरून हसली. माझेही दिवस रुक्माक्काच्या नावावर जमा. "तुझा निम्मा दिवस धरतात," ती मला म्हणाली, आणि त्यातही तिला अभिमान वाटत होता.

मग तिची पाळी आली. उजाडताना सगळं गाव रोपांच्या जुड्या घेऊन हजर. ओढ्याच्या खालच्या अंगाला ज्याचं शेत होतं तो मुनियप्पा सर्वांच्या पुढे. रुक्माक्का शेताकडे वळलीच नाही. सरळ काठावर गेली, पोत्यातून वाळ्याचे कोंब काढले, आणि म्हणाली, "इथं लावा."

मुनियप्पा हातातली जुडी घेऊन तसाच उभा. "अम्मा, नाचणी?"

"नाचणी नंतर. आज हे."

"गवत? लावणीच्या दिवसांत माणसं गोळा करून गवत लावायचं?"

"तू विचारतोयस काय, मुनियप्पा? मुय्यी आहे की नाही?"

मग काय विचारता! एकच कल्ला उठला. कुणी हसतंय, कुणी देवाची शपथ घालतंय, लक्कम्मा कपाळावर हात मारतेय. पण नियम म्हणजे नियम. एकजण वाकला, मग दुसरा, आणि बघता बघता सगळा काठ वाकलेल्या पाठींनी भरला. कुणी तरी गाणं धरलं. पाऊस भुरभुरत होता, रुक्माक्का एका टोकापासून दुसऱ्या टोकाला धावत होती, "दाट लावा! दाट! बोट शिरू नये!" मी कोंबांची टोपली घेऊन तिच्यामागे. इतकी मजा मला माझ्या लग्नातही आली नव्हती. दुपारी तिनं सगळ्यांना मुद्दे, म्हणजे नाचणीचे उकडीचे गोळे, आणि अवरेच्या, म्हणजे पावट्याच्या, दाण्यांचं सारू पोटभर वाढलं. मुनियप्पा जेवताना म्हणाला, "वेडं काम, पण जेवण शहाण्याचं."

किंमत मात्र मोजावी लागली. जमवलेली माणसं गवतावर खर्च झाली, तिची नाचणी उशिरा आणि अर्धवट लागली. त्या वर्षी आयुष्यात पहिल्यांदा तिनं बाजारातून नाचणी आणली. त्यात काठावरच्या गवतात घुशींनी घरं केली आणि जवळच्या ओळींतला भुईमूग फस्त केला. शामराव सुगीला आले, छत्रीच्या टोकानं एक बीळ दाखवून म्हणाले, "वैनी, भाडेकरू ठेवलेत वाटतं." मला इतका राग आला की मी त्यांना चहा दिला नाही. रुक्माक्कानं मात्र दिला, वर काकडीही दिली.

त्यातून लक्कम्माच्या शेळ्या. कोवळा वाळा शेळ्यांना कळायचा अवकाश, रोज घुसायच्या. मला वाटलं आता भांडण पेटणार, आणि रुक्माक्काचा आवाज म्हणजे आनेकलपर्यंत जाईल. ती लक्कम्माकडे गेली आणि म्हणाली, "शेळ्या आत नकोत. पण तू आत ये. विळा घे, डोक्यावर मावेल तेवढं काप, रोज." लक्कम्मा चकित. कापलं की वाळा आणखी फुटतो, हे रुक्माक्काला माहेरपासून ठाऊक होतं. चरला की उपटला जातो, हेही. महिन्याभरात लक्कम्मा त्या काठाची अशी राखण करायला लागली की परकी शेळी सोडाच, मलाही आत जाताना विचारायला लागायचं.

दुसऱ्या वर्षी पावसानं दगा दिला. आला, भिजवलं, आणि गेला. गावात सगळ्यांची नाचणी खुरटली. आणि हीच दुसरी सुगी. मी म्हटलं, झालं, संपलं. पण रुक्माक्का नाचणीकडे बघतच नव्हती. ती दर रविवारी विहिरीत वाकून खडा टाकायची आणि कान देऊन ऐकायची. संक्रांत गेली. ओढ्यात अजून पाणी! मोठं नव्हे, पण गवताच्या मुळांशी अडून, दगडांमधून झिरपत, चालू होतं. शिवरात्र गेली. खडा टाकला की 'डुबुक'! तिनं माझा हात असा दाबला की बांगडी फुटली.

मग तिनं त्या विहिरीच्या पाण्यावर वांगी, घेवडा, कोथिंबीर लावली. आसपासच्या गावांच्या विहिरी आटलेल्या, शहरात भाजी महाग झालेली, आणि रुक्माक्काच्या टोपल्या पहाटेच्या बसनं बाजारात! शेतावर तिच्या दोन गाई होत्याच, त्यांना हिरवा चारा वर्षभर. दूध वाढलं. लक्कम्माच्या घरी पहिल्यांदा म्हैस आली. मुनियप्पाची विहीर तर खालच्या अंगाला, तिनंही उन्हाळा काढला. तो सगळ्यांना सांगत सुटला की हे त्याच्या नवसामुळे झालं. रुक्माक्का म्हणाली, "असू दे की. पाणी आलं ना?" रोज संध्याकाळी ती अंगणात मला आणि ह्यांना बसवून त्या दिवशी काय काय गेलं ते सांगायची, हात नाचवत, एक वाक्य अर्धं टाकून दुसरं धरत. हे एकदा हसून म्हणाले, "अक्का, जमीन जिंकली." आम्हाला वाटलं, जिंकलीच.

पण शामराव आले ते वीटभट्टीवाल्याला घेऊन.

त्या रविवारी मी तिथंच होते. भट्टीवाला जाडजूड, शांत माणूस. तो वाळ्यामागे साचलेल्या गाळात उकिडवा बसला, मूठभर माती उचलली, अंगठ्यानं दाबली, आणि त्याचे डोळे चमकले. दोन पावसाळ्यांत वाहून जाणारा सगळा गाळ त्या गवतानं धरून ठेवला होता. मऊ, बारीक, खडा नाही. विटेला सोनं! त्यानं शामरावांना बाजूला नेलं आणि पूर्वीपेक्षा पुष्कळ जास्त किंमत सांगितली. शामराव परत आले तेव्हा त्यांना आनंद लपवता येत नव्हता. "वैनी, तुमचंच यश आहे हे! तुमच्यामुळेच भाव वाढला!"

मला वाटलं मी आता त्यांची छत्री मोडणार. तिनं काठ राखला, आणि राखला म्हणूनच तो विकायला चांगला झाला! मी रुक्माक्काकडे बघितलं. ती गप्प. मी तिला तशी कधी पाहिली नव्हती. तिनं शब्द दिलेला होता: पहिल्यापेक्षा बरं दिलं तर ठीक. बरं दिलं होतं, पण विटांनी त्याहून बरं दिलं असतं, आणि निम्मी जमीन शामरावांचीही होती.

लक्कम्मा गवत कापत होती. तिनं विळा टाकला आणि धावत गेली. थोड्या वेळात मुनियप्पा आला, मागोमाग आणखी माणसं, बायका, पोरं. कुणी बोलावलं नव्हतं. मुनियप्पानं भट्टीवाल्याला नमस्कार केला, अगदी अदबीनं.

"स्वामी, माती छान आहे. विटा कशा नेणार?"

"गाडीनं."

"गाडीवाट माझ्या शेतातून आहे. पुढं ह्याच्या. त्यापुढं तिच्या. सुगी झाल्यावर शेजारधर्म म्हणून आम्ही जाऊ देतो. विटांच्या गाड्या जाऊ देणार नाही."

"मग माणसं लावून डोक्यावरून—"

"कुठली माणसं?" लक्कम्मा म्हणाली, आणि सगळे एकदम हसले. "इथं खणलं की आमच्या विहिरी बसल्या. स्वतःची विहीर बुजवायला कोण येतंय ते आम्हाला बघायचंय!"

भट्टीवाला व्यापारी होता, मूर्ख नव्हता. वाट नाही, माणसं नाहीत, म्हणजे माती कितीही चांगली असली तरी ती मातीच. त्यानं हातातला गाळ झटकला, शामरावांना म्हणाला, "साहेब, जमीन तुमची एकट्याची नाही असं दिसतं," आणि चालू लागला. शामराव छत्री घेऊन उभे. सगळं गाव त्यांच्याकडे बघत होतं. तेव्हा कुठे रुक्माक्काचा आवाज फुटला.

"शामण्णा, बूट काढ आणि खाली ये. एक वर्ष दर रविवारी ये. मग म्हण विकायचं, मी सही करते. आता नको रे."

ती रडत होती आणि तिला त्याची लाज नव्हती. शामरावांनी छत्री बाजूला ठेवली. बूट काढले. दगडी उतारावरून जपून खाली गेले, पायजमा वर धरून, आणि ऐन उन्हाळ्यात घोट्याएवढ्या थंड पाण्यात उभे राहिले. मी अजूनही सांगते, त्यांचा चेहरा तेव्हा पहिल्यांदा मोकळा दिसला.

पुढे ते खरंच येत राहिले. आधी भाजीच्या वाट्यासाठी, मग दुधासाठी, मग कशासाठी ते त्यांनाही सांगता आलं नसतं. आजूबाजूच्या गावांतले लोक वाळ्याचे कोंब मागायला यायला लागले. रुक्माक्का द्यायची आणि बदल्यात एक दिवसाचं काम घ्यायची, म्हणजे आणखी कुणाच्या तरी काठाला तो दिवस लावता यावा. करंज वाढले, त्यांची पानं भाताच्या खाचरांत खत म्हणून जाऊ लागली. घुशी काही गेल्या नाहीत. त्या दर वर्षी आपला वाटा घ्यायच्या.

साठचं दशक निम्मं उलटल्यावर ह्यांना पुण्याला नोकरी लागली. सामान बांधून झालं आणि मी जायच्या आधी एकदा म्हणून रुक्माक्काच्या गावी गेले. ओढ्याच्या आवाजाआधी मला माणसांचा आवाज ऐकू आला. रुक्माक्का आणि शामराव काठावर कडाकडा भांडत होते. शामराव अनवाणी, डोक्याला पंचा, हातात खुंट्या. ते शेतात आणखी आत एक खुंटी ठोकत होते आणि ती उपटत होती.

"अरे, एवढा पट्टा सोडलास तर नाचणी कुठं लावू मी? तुझ्या कचेरीत?"

"वैनी, पाण्याला जागा लागते. तुम्हाला कळत नाही!"

"मला कळत नाही? मला?"

मी त्यांना निरोप द्यायला तोंड उघडलं, पण दोघांपैकी कुणाचंच लक्ष नव्हतं. तिनं खुंटी उपटली, त्यांनी परत ठोकली. मग ती थांबली, कमरेवर हात ठेवून दिराकडे बघत राहिली, आणि वाकून तिनंच ती खुंटी आणखी एक वीत आत नेऊन रोवली.